१९९६ ची मर्सिडीज: वॉटर पेपर मारावा, की पूर्ण रंग काढावा?

गोडोलीकर (सातारा)

नमस्कार मंडळी. आमच्या काकांची १९९६ ची मर्सिडीज आहे, डब्ल्यू १२४, ई २५० डिझेल, पिंपरीत जोडलेली. एमएच ११ पासिंग, रंग गडद निळसर काळा, मेटॅलिक. काका गेल्यावर काकूंनी गाडी विकायची नाही असं ठरवलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. इंजिन उत्तम, पहिल्या सेल्फला सुरू होतं. दुखणं आहे ते रंगाचं.

गाडी बरीच वर्षं वडाखाली उभी होती. बॉनेटवर पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग खोल बसलेत, बोट फिरवलं तर कड लागते. टपावर पांढुरकी झाक आहे. अंगभर बारीक गोल ओरखडे, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. डिकीवर बोअरच्या पाण्याचे ठिपके आहेत, ते धुऊन जात नाहीत.

एका गॅरेजमध्ये बघताक्षणी सांगितलं, सगळा रंग उतरवून नवा मारा. दुसरीकडे म्हणाले, १००० चा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर) मारू, रबिंग (चमक आणणारी पेस्ट घासणं) करू, संध्याकाळी घेऊन जा. दोन्हीकडे कुणी गाडीला हात लावून बघितलं नाही, म्हणून मन तयार होईना. दसऱ्याला गाडी पूजेला दारात हवी, अशी काकूंची इच्छा आहे. वॉटर पेपर घरी मारता येण्यासारखा आहे का? आणि आतमध्ये रंग किती शिल्लक आहे हे आधी कसं कळणार? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोयनाकाठ (कराड)

पूर्ण रंगाला जाण्याआधी माझा अनुभव ऐका. मी माझ्या जुन्या सेदानला पूर्ण रंग मारून घेतला. काचेची रबरं आणि दाराच्या बीडिंग न काढता नुसती टेप लावून गन मारली होती. पहिल्या पावसाळ्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात रबराच्या कडेने रंग उचलायला लागला, नखाने ओढला तर पट्टी निघायची. त्याखाली पाणी जाऊन मागच्या काचेखाली गंज धरला. मूळ रंगाला तिथे काहीही झालेलं नव्हतं. कंपनीचा रंग एकदा गेला की परत मिळत नाही. माधवनगरचे मिस्त्री इथे लिहितात, त्यांची वाट बघा.

रंगमिस्त्री (माधवनगर, सांगली)

गोडोलीकर, पहिलं सांगणं हेच की १००० चा पेपर त्या गाडीला लागू देऊ नका. पूर्ण रंगाचीही घाई नको. जवळपास तीस वर्षांपूर्वीचा कंपनीचा रंग अजून पत्र्यावर आहे, ही त्या गाडीची मोठी दौलत आहे.

आमच्या धंद्यात पेपर मारायची सवय कुठून आली ते बघा. मी वडिलांच्या हाताखाली शिकलो तेव्हा ॲम्बॅसिडर आणि फियाटला एनसी रंग मारायचो. नायट्रोसेल्युलोजचा, थिनर उडाला की वाळणारा. तो गनमधून बिनचमकीचाच यायचा. हातावर हात चढवायचे, वाळू द्यायचं, मग वॉटर पेपर आणि त्यावर रबिंग. चमक यायची ती घासण्यातूनच. अंगावर रंग पुष्कळ असायचा आणि काही वर्षांनी मालक परत रंगाला यायचाच. तो हात आजही अनेकांच्या अंगात आहे, आणि तोच हात कंपनीच्या क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, चालवला की गाडीचं आयुष्य कमी होतं.

तुमच्या गाडीवर पत्र्याला प्रायमर, त्यावर सरफेसर, मग मेटॅलिकचा पातळ बेस कोट (रंगाचा थर) आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर ३५ ते ५०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे जे काही करायचं ते केसाच्या निम्म्या जाडीत, आणि तीही सगळी वापरायची नाही. ऊन अडवणारी द्रव्यं त्या क्लिअरमध्येच असतात. फार पातळ केला तर गाडी आज आरशासारखी दिसेल, पण काही वर्षांत टप आणि बॉनेटचा क्लिअर पांढरा पडून सुटायला लागेल. मग मात्र रंगाशिवाय इलाज नाही.

आता तपासणी. टपावरची झाक ओली करा आणि नीट बघा. पाणी पडताच झाक गायब झाली आणि वाळल्यावर परत आली, तर ती वरवरची आहे, पॉलिशने जाईल. ओली असतानाही पांढरी राहिली, किंवा तिची कड नकाशासारखी स्पष्ट दिसली, तर क्लिअर आतून सुटलाय. तिथे पेपर मारून काही उपयोग नाही. ओरखड्यांवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पूर्ण काढायच्या नादी लागू नका.

पेपर हातात घ्यायच्या आधी रंगाची जाडी मोजणारं मीटर मिळवा. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी लावा आणि वहीत लिहा. मीटर सगळ्या थरांची एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअरची नाही, हे ध्यानात ठेवा. दारांच्या खालच्या प्लास्टिक पॅनेलवर ते चालणार नाही. आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

तोवर डिकीचे ठिपके बघा. सावलीत, पत्रा गार असताना पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून कापड ओलं करा, मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. क्षार असेल तर विरघळेल. ठिपक्याच्या जागी खळगा उरला तर तो क्लिअरला बसलेला ठसा समजा. आणि गाडी धुवायला बोअरचं पाणी बंद करा. तुमच्याकडे नळाला कासचं पाणी येत असेल तर तेच वापरा.

पलूसची वाचक

मिस्त्री, मध्येच विचारते, पण आमच्याकडे हा रोजचा प्रश्न आहे. हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्याची काजळी रोज सकाळी गाडीवर असते. घरातले फडक्याने झटकतात. आमच्या गाडीवरही तसलेच गोल ओरखडे आलेत. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

रंगमिस्त्री (माधवनगर, सांगली)

ताई, पूर्ण संबंध आहे. बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं आणि चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. हाताला काजळी मऊ लागते, पण कोरड्या फडक्याखाली ती क्लिअर कापते. आधी नुसत्या पाण्याची धार मारून राख वाहू द्या, मगच शॅम्पू आणि मऊ मिट (धुवायचा हातमोजा). पिसांचा झाडू, कोरडं फडकं, दोन्ही बंद. तासगावकडे द्राक्षबागेच्या कडेला गाडी लावत असाल तर बोर्डोच्या फवाऱ्यालाही जपा. मोरचूद आणि चुना त्यात असतो, निळसर ठिपके वाळायच्या आत धुवा.

गोडोलीकर, याचा तुमच्याशीही संबंध आहे. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांची बॉयलर पेटतात. तुमचं काम त्याआधी उरका. रंगावर पाणी मारून घासताना हवेतली राख पेपरखाली आली की एका फटक्यात लांब ओरखडा पडतो.

गोडोलीकर (सातारा)

मिस्त्री, मनापासून आभार. ओळखीच्या एकांकडून मीटर आणलं. बॉनेट ११८ ते १३० मायक्रॉन. टप १०० ते १०६. चारही दारं १२० च्या आसपास. डिकी ११५ ते १२५. पण पुढचं डावं मडगार्ड २४० पासून ३१० पर्यंत, जागोजागी वेगळं. टपावरची झाक ओली केल्यावर पूर्ण गेली. डिकीचे बरेचसे ठिपके व्हिनेगरने निघाले, चार-पाच खळगे राहिले. बॉनेटवरच्या डागांत नख किंचित अडकतं.

रंगमिस्त्री (माधवनगर, सांगली)

छान मोजलंत. आता पॅनेलवार सांगतो.

डावं मडगार्ड आधी रंगवलेलं आहे. आकडे एवढे खालीवर होतात म्हणजे आत लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली असणार. जाड आहे म्हणून बिनधास्त घासू नका. जाडी लांबीची आहे, वरचा क्लिअर किती आहे ते मीटरला कळत नाही. तिथे फक्त पॉलिश.

टपावर पेपर अजिबात नाही. १०० म्हणजे सगळ्यात पातळ जागा तीच, आणि ऊनही सगळ्यात जास्त तीच खाते. झाक वरवरची आहे हे पाण्याने दाखवलंच. दारांच्या ओरखड्यांनाही पॉलिश पुरे. म्हणजे पेपर लागणार तो फक्त बॉनेटवरच्या डागांना आणि डिकीच्या त्या चार-पाच खळग्यांना. पूर्ण बॉनेट घासायचा नाही, डागापुरतं घासायचं.

हे डाग असे का बसतात ते समजलं तर किती घासायचं तेही समजेल. उन्हात क्लिअर मऊ होऊन फुगतो, वर विष्ठा वाळून घट्ट होते, रात्री क्लिअर आकसतो आणि तिच्याभोवती ठसा धरतो. म्हणजे तो खळगा आहे. तो नाहीसा करायचा तर आजूबाजूचा क्लिअर त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. तेवढा क्लिअर तुमच्याकडे नाही. म्हणून कडा बोथट करायच्या, उजेड तिथे अडकणार नाही एवढ्या. जवळून बघितलं तर सावली दिसेल. ती दिसू द्या, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

पेपर २५०० चा (नंबर मोठा तितका पेपर बारीक), पाठीमागे नंबराआधी पी छापलेला. अमेरिकन मापाचा १००० चा पेपर पी २००० इतका बारीक येतो, त्यामुळे दोन पद्धतींचे पेपर मिसळू नका. रात्री स्वच्छ पाण्यात भिजत घाला. बादलीत शॅम्पूचे थेंब टाका, पेपर अंगावर सरकतो. गाडी धुऊन, क्ले बार (चिकटलेला कचरा ओढून घेणारी मातीसारखी वडी) फिरवून घ्या, नाहीतर चिकटलेला कचरा पेपरखाली येईल. बॉनेटच्या कडा आणि मधली उंच रेघ यांच्यावर मास्किंग टेप लावा. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि दाब सगळा तिथेच येतो. रंग जातो तो कडेवरच.

पेपर नुसत्या बोटांनी धरू नका, बोटांच्या मधल्या फटींमुळे पट्टे पडतात. लहान रबरी ब्लॉकला गुंडाळा. सरळ घासा, गोल नाही. दाब फक्त ब्लॉकच्या वजनाचा. आठ-दहा वेळा फिरवलं की थांबा, रबरी पट्टीने पाणी ओढा आणि बघा. घासलेला भाग मंद आणि एकसारखा दिसेल, खळगा मात्र चमकत राहील. चमकणारा भाग लहान झाला की बस्स. पाणी दुधासारखं येतंय म्हणजे क्लिअर निघतोय. पाण्यात निळसर काळा रंग उतरला तर तत्क्षणी थांबायचं, बेस कोट लागला. मग तोच भाग ३००० ने आडव्या दिशेने, म्हणजे २५०० च्या रेघा कधी मिटल्या ते कळतं. अधूनमधून मीटर लावा. तीन-चार मायक्रॉन कमी झाले की पुढे जाऊ नका.

आधी डिकीच्या एकाच खळग्यावर हे पूर्ण करून बघा, पॉलिशसकट. हात बसला की बॉनेटला या.

पॉलिशला डीए (ड्युअल ॲक्शन) मशीन, फोमचं पॅड, थोडंसं कंपाउंड (घासून रेघा काढणारी पेस्ट), हातभर चौकोन एका वेळी. मधूनमधून पत्र्याला तळहात लावा. गरम लागला की दुसरीकडे जा. मग मऊ पॅडने बारीक पॉलिश. शेवटी आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाणी मिसळून पुसा. ही पायरी सोडू नका, कारण काही पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून टाकतं आणि चार वेळा धुतल्यावर ते परत वर येतात. पुसल्यावर जे दिसेल ते खरं काम. मग मेण.

पूजेबद्दल एक. झेंडूचा हार बॉनेटवर आडवा टाकू नका, ग्रिलला बांधा. दोऱ्याची गाठ वाऱ्याने घासत राहते. आणि हळदीकुंकू नंबर प्लेटला लावलं तरी देवाला पोचतं, काकूंना माझ्या वतीने सांगा.

कोयनाकाठ (कराड)

मिस्त्री, डीए मशीन नसेल तर घरच्या ड्रिलला पॅड लावून चालेल का? दुकानदार चालतं म्हणतात.

रंगमिस्त्री (माधवनगर, सांगली)

या कामाला नको. ड्रिल जागच्या जागी गोल फिरतं, पॅडची एकच कड टेकते, आणि तिथे रंग तापून जळतो. डीएचं पॅड फिरता फिरता हलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. मशीन भाड्याने मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर फोमचा ॲप्लिकेटर घेऊन हाताने करा. बॉनेटला अख्खी दुपार जाईल, खांदे भरून येतील, पण कड जळणार नाही. २५०० ची रेघ हाताने निघायला फार वेळ लागतो, म्हणून हाताने करणाऱ्यांनी ३००० वर जास्त वेळ द्या आणि मगच कंपाउंड घ्या.