मदत हवी: पीजीएलबी (साखर जोडणारं एन्झाइम) असूनही प्रोटीनला साखर लागेना, बँड जागचा हलेना

सिद्धेश्वर_पेठ:
तीन आठवडे झाले हेच करायलोय. कॅम्पायलोबॅक्टर जीवाणूचा अख्खा पीजीएल क्लस्टर (साखळी बनवून प्रोटीनला लावणारे जीन्स) ई. कोलायमध्ये टाकलाय, सोबत माझं प्रोटीन, सिक्वॉन (जिथं साखर लागते तो अमिनो आम्लांचा क्रम) पण घातलाय, तरी वेस्टर्न ब्लॉटला (जेलवरचं प्रोटीन अँटिबॉडीने बघायची चाचणी) एकच बँड आणि तो साध्या प्रोटीनच्याच उंचीवर. २००२ मध्येच लोकांनी हे ई. कोलायमध्ये करून दाखवलंय मग माझ्याकडं का होईना? शुक्रवारी सरांना डेटा दाखवायचाय, लवकर सांगा प्लीज.

पेरिप्लाझम:
सिक्वॉन कोणता ते लिहा की. नुसता एन-एक्स-एस/टी (अक्षरं म्हणजे अमिनो आम्लं) आपल्या पेशींना चालतो, पीजीएलबीला एनच्या दोन जागा आधी डी किंवा ई लागतो.

सिद्धेश्वर_पेठ:
डीक्यूएनएटी आहे. तेवढं वाचून केलंय.

जेलवाला:
किती टक्के जेल? प्रोटीन केवढं? सात साखरांची साखळी म्हणजे जेमतेम १.४ किलोडाल्टन, डाय निघून गेल्यावरही थोडा वेळ जेल चालवा नाहीतर दोन बँड एकच दिसतात. सोयाबीन लेक्टिनने (साखरेला चिकटणारं प्रोटीन) ब्लॉट करा, त्या साखळीत पाच गॅलनॅक साखरा आहेत, साखर लागली असेल तर लगेच कळेल.

सिद्धेश्वर_पेठ:
१२ टक्के, प्रोटीन २८ किलोडाल्टन. लेक्टिन केलं, कोरं आलं.

लॅबवाला_पुणे:
तापमान लिहिलंच नाही तुम्ही! माझं ३७ ला कधीच झालं नाही, २० ला रात्रभर ठेवलं आणि झालं. बाकी काही बघू नका.

सिद्धेश्वर_पेठ:
दादा आमचा शेकर फक्त गरम करतो, गार करत नाही. मे महिन्यात सोलापुरात दुपारी खोलीच ४१-४२ असते, परवा लाईट गेली तेव्हा फ्लास्क हातात घेतला तर कोमट लागला. रात्री दोननंतर कुठं ३० ला येतं.

एनजीटीप्रेमी:
पीजीएलबी सोडाच. ॲक्टिनोबॅसिलस जीवाणूचं एनजीटी (साखर लावणारं दुसरं एन्झाइम) घ्या, सायटोप्लाझममध्येच (पेशीच्या आत) काम करतं, यूडीपी-ग्लुकोजवरून सरळ ग्लुकोज लावतं, लिपिड नको, फ्लिपेज (साखळी पडद्यापलीकडं पलटवणारं प्रोटीन) नको. मी दोन वर्षं तेच वापरतोय.

पेरिप्लाझम:
त्यांना साखळी हवीये, एकटं ग्लुकोज घेऊन काय करतील?

एनजीटीप्रेमी:
एका ग्लुकोजवर पुढं साखळी वाढवता येते, जरा वाचा.

कन्ना_चौक:
प्रोटीनला साखर म्हणजे एचबीए१सी तेच का? सासऱ्यांचं ८.२ आलंय, ज्वारीची भाकरीच खातात तरी.

जेलवाला:
नाही ताई, तिथं एन्झाइम नसतं. रक्तातलं ग्लुकोज आपोआप हिमोग्लोबिनला चिकटत जातं आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. ८.२ घेऊन डॉक्टरांकडं जाच.

पेरिप्लाझम:
मूळ प्रश्नाकडं या. पीजीएलबी पडद्यात बसतं पण साखर लावायचं काम पेरिप्लाझमच्या (जीवाणूच्या दोन पडद्यांमधली जागा) बाजूला करतं, साखळी आत लिपिडवर बनते आणि पीजीएलके ती पलटी करून बाहेर देतं. तुमचं प्रोटीन तिथं पोचतंय का? सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला तिथं पाठवणारा तुकडा) कुठलं?

सिद्धेश्वर_पेठ:
वेक्टर (जीन बसवायचा डीएनए) पेट-२२बी आहे, त्यात पेलबी हे सिग्नल पेप्टाइड असतंच ना.

पेरिप्लाझम:
जीन बसवताना वेक्टर कापला कशानं?

सिद्धेश्वर_पेठ:
एनडीई-वन आणि एक्सएचओ-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी.

पेरिप्लाझम:
मग पेलबी गेलं. एनडीई-वनची जागा पेलबीच्या आधी आहे, तिथं कापून जीन बसवला की पेलबीचा तुकडा बाहेर. पेलबी ठेवायचं तर एनसीओ-वनने कापायचं. प्रोटीन आत, पीजीएलबीचं तोंड बाहेर, भेट होणार कशी?

लॅबवाला_पुणे:
तरी २० लाच ठेवा.

सिद्धेश्वर_पेठ:
आत्ता मॅप उघडून बघितला, खरंच नाहीये पेलबी. क्लोन आधीच्या विद्यार्थ्याकडनं आला होता, नावात २२बी बघून मी पुढं गेलो. पण माझ्या जीनमध्येच एनसीओ-वनची एक जागा आहे, जीनच कापला जाईल, आता?

जेलवाला:
प्राइमरला (जीनची प्रत काढायचा डीएनएचा छोटा तुकडा) बीएसए-वन एन्झाइमची जागा लावा, ते आपल्या जागेच्या बाहेर कापतं, टोक सीएटीजी ठेवलं की एनसीओ-वनने कापलेल्या वेक्टरला बसतं. आत बीएसए-वन नाही ना ते बघा आधी.

सिद्धेश्वर_पेठ:
नाहीये! प्राइमर आजच ऑर्डर करतो. शुक्रवारी सरांना मॅपच दाखवतो. सोलापुरात कुणाकडं गार होणारा शेकर आहे का, दोन रात्रींसाठी? फ्लास्क मी घेऊन येतो.