मदत हवी आहे: ‘सिव्हिल वॉर: फ्रंट लाइन’ वाचनमंडळात कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

फोंड्यातील आमच्या लहानशा वाचनमंडळात यंदा प्रथमच चित्रकथेवर चर्चा ठेवण्याचे ठरले असून त्यासाठी मी मार्व्हलची ‘सिव्हिल वॉर: फ्रंट लाइन’ ही अकरा अंकांची मालिका सुचवली आहे. सभासदांत निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि काही महाविद्यालयीन मुले आहेत. मुले सोडल्यास सुपरहिरोंच्या जगाशी कोणाचाच परिचय नाही.

२००६-०७ मधील मार्क मिलर यांच्या सात अंकी मूळ कथेत, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमासाठी खलनायकांना पकडू पाहणाऱ्या तरुण नायकांच्या चकमकीत स्टॅमफर्ड येथे स्फोट होतो, शाळकरी मुलांसह शेकडो माणसे मरतात आणि अतिमानवांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा येतो. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने उभा राहतो, कॅप्टन अमेरिका विरोधात. पॉल जेन्किन्स लिखित ‘फ्रंट लाइन’ हाच संघर्ष मुख्यत्वे बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड या दोन पत्रकारांच्या बाजूने दाखवते. मूळ कथा न वाचता ही मालिका समजेल का, की निदान सातवा अंक तरी सर्वांना द्यावा? माझे मत द्यावा असे आहे, कारण लढाई जिंकत आलेल्या कॅप्टनला आपत्कालीन सेवेतील साधे कर्मचारीच धरून ठेवतात आणि उद्ध्वस्त शहर पाहून तो शरण जातो, हा प्रसंग ‘फ्रंट लाइन’च्या शेवटाआधी ठाऊक असायला हवा.

दुसरी अडचण त्या शेवटाचीच आहे. तुरुंगातील मुलाखतीत सॅली कॅप्टनला विचारते की त्याने मायस्पेस, यूट्यूब शेवटचे कधी पाहिले, आणि तेवढ्यावरून त्याला देशातील लोक कळतच नाहीत असे ठरवते. हा युक्तिवाद मला फार तकलादू वाटतो. (आमचे निम्मे सभासद या परीक्षेत कॅप्टनसोबतच नापास होतील.) पुढे हेच दोन पत्रकार आयर्न मॅनचे गुपित शोधून काढतात, त्याला तोंडावर जाब विचारतात आणि तरीही बातमी छापत नाहीत. लेखकाला हा निर्णय योग्य वाटतो, की त्याने तो वाचकावर सोडला आहे? चर्चेचा मुख्य मुद्दा हाच करावा असे मनात आहे.

मात्र सर्वांत जास्त मदत पुढील बाबतीत हवी आहे. युरिक आणि फ्लॉइड पत्रकार, १९९४ च्या ‘मार्व्हल्स’मधील फिल शेल्डन छायाचित्रकार, बॅटमॅनच्या शहरातील ‘गॉथम सेंट्रल’ या मालिकेत पोलीस. म्हणजे सामान्य माणूस म्हणून जो येतो, त्याच्या हातात लेखणी, कॅमेरा किंवा बिल्ला असतोच. आमच्याकडील वडीलधारी माणसे १९६१ च्या डिसेंबरबद्दल बोलतात, तेव्हा सेनापतींची नावे क्वचितच येतात. पोर्तुगीज सैन्याने माघार घेताना उडवलेले पूल आणि त्यामुळे अडलेली वाट मात्र हमखास येते. अशा माणसाच्या नजरेतून सांगितलेली, नायकांच्या संघर्षात सापडलेल्यांची एखादी कथा आहे का? छोटी असल्यास उत्तम.

प्रतिसाद:

नमस्कार. आपण शोधता आहात ती कथा कर्ट ब्युसिक यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो सिटी’ मालिकेत आहे: ‘द नियरनेस ऑफ यू’, १९९६. एका साध्या माणसाला अनोळखी स्त्रीची स्वप्ने पडत राहतात. नायकांच्या एका विराट लढाईत काळाची घडी विस्कटली आणि ती पुन्हा बसवताना त्याची पत्नी कधी जन्मलीच नाही, असे त्याला ‘हँग्ड मॅन’ हा मालिकेतील गूढ नायक सांगतो आणि विसरण्याचा पर्याय देतो. तो आठवण ठेवणे निवडतो. लढाई जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पूर्वपरिचयाची गरज पडत नाही.

सातव्या अंकाबद्दल आपल्याशी सहमत आहे. पहिल्या अंकातील मिरियम शार्प या मृत मुलाच्या आईचा प्रसंगही सोबत द्यावा, कारण तिच्या हातात लेखणी नसूनही आयर्न मॅनला कायद्याच्या बाजूकडे वळवण्यात तिचा मोठा वाटा आहे. न छापलेल्या बातमीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. जेन्किन्स यांनी तो निर्णय वाचकावर सोडलेला नाही. पत्रकारांचे मौन त्यांना समंजसपणाचे वाटते, आणि मंडळात वाद घालायचा तो नेमका यावरच घालावा. सुरुवात ‘अ‍ॅस्ट्रो सिटी’ने करा, ‘फ्रंट लाइन’ पुढील बैठकीला ठेवा.