मदत हवी आहे: बहिणीचं एफवाय बीएस्सीचं वेळापत्रक एकमेकांवर आदळतंय, मेंटॉर मॅडम सापडत नाहीत

सातपूरकर

नमस्कार मंडळी. मी स्वतः आयटीआय करून कंपनीत लागलो, त्यामुळे कॉलेज नावाच्या प्रकरणातलं मला काही कळत नाही. घरात डिग्रीला गेलेली पहिली माझी धाकटी बहीण. नाशिकच्या एका कॉलेजात (पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, नाव लिहीत नाही) एफवाय बीएस्सीला तिला प्रवेश मिळाला, तोही शेवटच्या फेरीत. रसायन, वनस्पती आणि प्राणी असे तीन विषय. कॉलेज सुरू होऊन नऊ दिवस झाले आणि नऊही दिवस ती घरी येऊन रडवेली होतेय.

अडचणी दोन आहेत.

पहिली. दर गुरुवारी १२:३० ते ४:३० प्राणीशास्त्राचं प्रॅक्टिकल, ती सी बॅचला आहे. तिचा ओई म्हणजे खुला ऐच्छिक विषय कॉमर्सकडचा आहे, त्याचा तास गुरुवारी आणि शनिवारी ३:१५ ला. म्हणजे गुरुवारी एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहायचं. ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "एक आठवडा हे कर, एक आठवडा ते कर, सगळे असंच करतात." अ‍ॅपमध्ये बदल होत नाही म्हणे.

दुसरी. भाषेचा पेपर (एईसी, तिने मराठी घेतलंय) मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ७:३० ला. आमचं गाव दिंडोरीच्या पुढे. पहिली एसटी सीबीएसला (नाशिकच्या मुख्य एसटी स्टँडला) पोचते आठला, तिथून कॉलेज गाठेपर्यंत ८:२०. म्हणजे हा तास तिला कधीच मिळणार नाही. संध्याकाळी ४:४५ ची गाडी चुकली तर पुढची साडेसहाला, आणि फाट्यापासून घर दोन किलोमीटर आत. आई तेवढ्यासाठी रोज फाट्यावर उभी असते.

नोटीस बोर्डावर मेंटॉर-मेंटीची (कुठल्या मुलाला कुठला मार्गदर्शक शिक्षक याची) यादी लागलीय, त्यात तिच्यापुढे एका मॅडमचं नाव आहे. दोनदा स्टाफरूमला जाऊन आली. एकदा "मॅडम लेक्चरला गेल्यात", एकदा "मीटिंगमध्ये आहेत". तिसऱ्यांदा जायला आता ती तयार नाही. मी शनिवारी सुट्टी टाकून स्वतः प्राचार्यांना भेटू का? की अजून कुणाला? हजेरी ७५ टक्के लागते एवढंच मला माहीत आहे.

स्पष्टवक्ता

भाऊ, कशाला एवढं मनावर घेता. डिग्री कॉलेजात हजेरी कोण बघतो? आम्ही तीन वर्षं कॅन्टीनमध्ये काढली, तरी पास झालो. परीक्षेला जा म्हणावं.

एसवाय_वाला

@स्पष्टवक्ता काका, तुमच्या वेळचं माहीत नाही, पण आता अंतर्गत गुणांचाही खेळ आहे. प्रॅक्टिकलला गैरहजर राहिलं तर जर्नलवर (प्रॅक्टिकलच्या वहीवर) सही मिळत नाही, आणि जर्नल सर्टिफाय झालं नाही तर परीक्षेलाच बसवत नाहीत. माझ्या बॅचच्या दोघांचं तसं झालं.

@सातपूरकर दादा, गेल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. आमच्याकडे ओई दोन पाळ्यांत असतात, काही सकाळी, काही दुपारी. तुमच्या बहिणीच्या कॉलेजात तसं असेल तर सी बॅच मुळात सकाळच्या ओईवाल्यांसाठी असणार. शेवटच्या फेरीतली मुलं जागा दिसेल तिथे कोंबतात, ओई कुठला ते कुणी बघत नाही. म्हणून तिने ए किंवा बी बॅचमधली अशी मुलगी शोधावी जिचा ओई सकाळचा आहे आणि जिला गुरुवार चालेल. मग दोघींनी मिळून अदलाबदलीचा अर्ज द्यायचा. मी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं, दहा मिनिटांत जोडीदार मिळाला. ओई बदलायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, त्यासाठी दोन विभागांच्या सह्या लागतात आणि कॉमर्सवाले जागा नाही म्हणतात.

ओसरी

भावा, एक सांगू? तू जाऊ नकोस. रागावू नकोस, पण मी एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली. पालक किंवा भाऊ आला की आम्ही खुर्ची द्यायचो, चहा विचारायचो आणि "बघतो" म्हणायचो. मुलगी स्वतः कागद घेऊन उभी राहिली की काम व्हायचं, कारण ती उद्या परत येणार हे आम्हाला माहीत असायचं. तू गेलास की ती तीन वर्षं "भावाला घेऊन आलेली" म्हणून ओळखली जाईल.

एकटीने जायची भीती वाटत असेल तर वर्गातली एखादी मैत्रीण सोबत न्यावी. आत जाताना "मॅडम, येऊ का" एवढं विचारलं की बास. दोनदा मॅडम भेटल्या नाहीत म्हणजे मॅडम टाळतायत असं नसतं. पहिल्या पंधरवड्यात स्टाफरूमची अवस्था लग्नघरासारखी असते.

खडूफळा

मी शिक्षक आहे (नाशिकचा नाही) आणि चार वर्षांपासून आमच्या वेळापत्रक समितीत आहे, म्हणजे हे जे आदळतंय ते आदळवणाऱ्यांपैकीच एक. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की पूर्वी वेळापत्रक वर्गाचं असायचं. एफवाय बीएस्सी ए तुकडी, अमुक खोली, सगळ्यांना तेच तास. नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ मध्ये स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत आलं, तेव्हापासून वेळापत्रक प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं झालंय. शाखेबाहेरचा ओई, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचा पेपर. हे सगळं वेगवेगळ्या मुलांचं वेगवेगळं. आम्ही आधी प्रयोगशाळा बसवतो, कारण त्या मोजक्याच असतात. मग अनेक शाखांची मुलं एकत्र येतात असे ओईचे तास खिळवतो. उरलेल्या फटींत बाकीचं. त्यामुळे ओईचा तास एका मुलीसाठी हलणार नाही, तो विषय सोडून द्या. प्रॅक्टिकलची बॅच मात्र हलते. @एसवाय_वाला ने बरोबर जागी बोट ठेवलंय.

आता "एक आठवडा हे, एक आठवडा ते" याचा हिशेब. ओईचे आठवड्याला दोन तास. शनिवारचे सगळे केले आणि गुरुवारचे निम्मे, तर हजेरी बरोबर ७५ टक्क्यांवर टेकते. एक दिवस ताप आला की खाली. आणि प्रॅक्टिकल पडतं ५० टक्क्यांवर. हा सल्ला देणाऱ्याने गणित केलेलं नाही. बहिणीने हेच दोन आकडे कागदावर लिहून न्यावेत. "मला जमत नाही" यापेक्षा "असं केलं तर माझी हजेरी इतकी होते" हे बोलणं शिक्षकाला लगेच कळतं.

आणखी एक गणित, तिच्या मनाच्या शांतीसाठी. एका सत्राला २२ श्रेयांक (क्रेडिट). थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३० तास. तिची तीन प्रॅक्टिकल्स प्रत्येकी २ श्रेयांकांची, म्हणजे पंधरा आठवड्यांत दर आठवड्याला चार-चार तास, एकूण १२. उरलेले १६ श्रेयांक थिअरीचे धरले तर आठवड्याला १६ तास. झाले २८. सहा दिवसांवर वाटले तर दिवसाला पाच तासही होत नाहीत. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलेजात दिसते ती मधल्या रिकाम्या वेळांमुळे. त्या वेळेत ग्रंथालयात जर्नल पूर्ण केलं तर गावी जाऊन रात्री जागावं लागणार नाही.

कुणाला भेटायचं? प्राचार्य नकोच. ते अर्जावर "विभागप्रमुखांनी योग्य ती कार्यवाही करावी" एवढं लिहून कागद खालीच पाठवणार. अर्ज द्यायचा विभागप्रमुखांकडे, म्हणजे प्राणीशास्त्राच्या, कारण बॅच त्यांच्या हातात असते. मेंटॉर मॅडमकडे आधी जावं, ते शिफारशीच्या दोन ओळींसाठी. स्टाफरूममध्ये शोधू नका. मॅडम कुठल्या विषयाच्या आहेत ते बघा, त्यांचं प्रॅक्टिकल कुठल्या प्रयोगशाळेत कधी संपतं ते लॅब असिस्टंटला विचारा आणि संपण्याच्या दहा मिनिटं आधी दाराशी थांबा. त्या वेळी शिक्षक हात धुवत असतो आणि त्याला घाई नसते. (लॅब असिस्टंटशी चार शब्द गोड बोलून ठेवावेत, तीन वर्षं उपयोगी पडतात.) एकेका शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलं मेंटॉर म्हणून दिलेली असतात आणि त्यांच्या भेटींची नोंद आम्हाला नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) ठेवावी लागते. म्हणजे ती भेटायला गेली तर मॅडमवर उपकार नाही आणि त्रासही नाही. त्यांच्या वहीत एक खरी नोंद होईल.

अर्जाचा नमुना देतो:

प्रति, मा. विभागप्रमुख, प्राणीशास्त्र विभाग.
विषय: प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून मिळणेबाबत.
महोदय, मी प्रथम वर्ष बीएस्सीची विद्यार्थिनी असून माझा हजेरी क्रमांक अमुक आहे. माझ्या सी तुकडीचे प्रात्यक्षिक गुरुवारी १२:३० ते ४:३० या वेळेत होते. त्याच दिवशी ३:१५ वाजता माझ्या खुल्या ऐच्छिक विषयाचा तास असल्याने दोन्हीकडे उपस्थित राहता येत नाही. ए अथवा बी तुकडीत जागा असल्यास मला तेथे घ्यावे. जागा नसल्यास हजेरी क्रमांक अमुक यांच्याशी अदलाबदल करण्यास आम्हा दोघींची संमती आहे. वेळापत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

"जागा असल्यास" हे शब्द मुद्दाम घातलेत. फार्मसीचे कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) पुढे सरकतात तशी बीएस्सीची मुलं निघून जातात आणि बॅचा विरळ होतात. कदाचित अदलाबदलीची गरजच पडणार नाही.

भाषेच्या तासाचं दुखणं जरा वेगळं. तो पेपर पुष्कळ कॉलेजांत शाखांना सामायिक असतो. आर्ट्सच्या तुकडीला तोच पेपर उशिरा होत असेल तर तिथे बसायची परवानगी मागावी. इथे अर्जापेक्षा त्या विषयाच्या शिक्षकाला समोर भेटणं जास्त कामाचं. एसटीचं वेळापत्रक कागदावर लिहून न्यावं, तोंडी सांगितलं की बहाणा वाटतो.

आणि हे सगळं परीक्षेचे फॉर्म भरायच्या आत. ओईचं नाव एकदा फॉर्मवर गेलं की ते बदलणं म्हणजे विद्यापीठापर्यंत चकरा.

स्पष्टवक्ता

खडूफळा सर, आमच्या वेळी असा मास्तर असता तर कॅन्टीनमध्ये बसलो नसतो. माझा पहिला प्रतिसाद मागे.

ओसरी

त्या ७:३० च्या तासासाठी नाशिकमध्ये राहायची सोय बघू नका एवढ्यात. दोन तासांसाठी पोरीचं घर हलवू नये. आधी सरांनी सांगितलंय ते करून बघा.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. सर, अर्ज तिने स्वतःच्या अक्षरात लिहून काढला. मी शनिवारची सुट्टी रद्द केली.

सातपूरकर

(बारा दिवसांनी)

काय झालं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल.

मेंटॉर मॅडम रसायनशास्त्राच्या निघाल्या. बहीण मैत्रिणीला घेऊन लॅबच्या दाराशी थांबली. मॅडम म्हणाल्या, "अगं, तू माझ्या यादीत आहेस तर इतके दिवस आली का नाहीस?" ती दोनदा येऊन गेली हे सांगायचं तिने टाळलं. मला घरी येऊन सांगितलं. ५० आणि ७५ चे आकडे बघून मॅडमनी तिथेच बेंचवर शिफारस लिहून दिली. ए बॅचमधले दोघं खरंच फार्मसीला गेले होते. विभागप्रमुख सरांनी विचारलं, "सोमवार चालेल?" आणि झालं, पाच मिनिटांचं काम. जोडीदार शोधावी लागली नाही.

भाषेचं अर्धवट आहे. आर्ट्सच्या तुकडीला मराठीचा तास ११ ला असतो. तिथल्या सरांनी एसटीच्या वेळा वाचल्या आणि म्हणाले, "एक महिना बस. हजेरीची सही दर वेळी माझ्यासमोर करायची. खाडा दिसला तर परत ७:३० ला." आतापर्यंत तीन तास झाले, तीन सह्या.

एक शंका उरली. अ‍ॅपमध्ये ती अजून सी बॅचलाच दिसतेय. ऑफिसवाले म्हणतात होईल. सोडून देऊ का?

खडूफळा

सोडू नका. प्रात्यक्षिक परीक्षेच्या याद्या काही ठिकाणी अ‍ॅपमधूनच काढतात. विभागप्रमुखांची सही असलेल्या अर्जाची झेरॉक्स तिच्याजवळ पाहिजे, आणि ऑफिसात मूळ प्रत दिली असेल तर आवक क्रमांक विचारून घ्यावा. ऑक्टोबरच्या आत एकदा अ‍ॅप परत बघा.

सातपूरकर

दोन झेरॉक्स काढल्या सर. एक घरी ट्रंकेत, एक तिच्या जर्नलच्या मागच्या कव्हरात. आवक क्रमांक विचारायला उद्या तीच जाणार आहे. मैत्रिणीला नेणार नाही म्हणते.