मदत हवी आहे: ओपीडी सॉफ्टवेअरमधले ड्रग इंटरॅक्शनचे अलर्ट कुठले ठेवावेत, कुठले बंद करावेत?

नमस्कार मंडळी,

नाशिकला सातपूर भागात माझी जनरल प्रॅक्टिस आहे. कागदी चिठ्ठी सोडून सॉफ्टवेअर घेतलं ते मुख्यतः एका सोयीसाठी: दोन औषधांचं आपसात जमत नसेल तर स्क्रीनच सांगते. सांगते खरी, पण इतकं सांगते की आता तिकडे लक्षच जाईनासं झालंय.

अँजिओप्लास्टी झालेल्या पेशंटला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मुद्दामच बरोबर दिलेली असतात. तरी दर वेळी लाल चौकट. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम लिहिलं तरी लाल चौकट, जिथे चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं की भागतं. आणि सिमव्हास्टॅटिनवर असलेल्या पेशंटला क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं, म्हणजे स्नायू विरघळण्यापर्यंत जाऊ शकणारा प्रकार, तरी चौकट तीच, रंग तोच. सोमवारी संध्याकाळी बाहेरची बाकं भरलेली असताना हात आपसूक 'पुढे जा'वर जातो. हे फक्त आपल्याकडचं नाही. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता, त्यात डॉक्टर ४९ ते ९६ टक्के अलर्ट ओलांडून जातात असं दिसलं होतं.

दुसरी अडचण मला जास्त छळते. दिंडोरीकडच्या एक मावशी आल्या होत्या. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी अ‍ॅसिट्रॉम चालू. दाढ दुखली म्हणून दुसरीकडून मेट्रोनिडॅझोल आणलेलं. ही जोडी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) चढवते, रक्तस्रावाचा धोका वाढतो. सॉफ्टवेअर मात्र गप्प, कारण दोन्ही गोळ्या माझ्या चिठ्ठीतल्या नव्हत्या. कळलं ते त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली म्हणून. त्यातही एक स्ट्रिप अशी कापलेली की औषधाचं नाव गेलेलं, नुसती एक्सपायरी शिल्लक!

तर जाणकारांनी सांगावं, खरोखर अडवणारे अलर्ट तुम्ही कशाकशाला ठेवलेत? आणि बाहेरची औषधं नोंदवायचं काम कोण करतं, कंपाउंडर की तुम्ही स्वतः?

प्रतिसाद (क्लिनिकल फार्मासिस्ट)

डॉक्टर, सगळे बंद करू नका, प्रतवारी लावा. स्क्रीन थांबवणारा अलर्ट मोजक्याच जोड्यांना: नायट्रेट–सिल्डेनाफिल, मेथोट्रेक्सेट–कोट्रायमॉक्सॅझोल, तुमची अ‍ॅसिट्रॉम–मेट्रोनिडॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन–सिमव्हास्टॅटिन. तो ओलांडायचा तर कारण लिहायला लावा. टेल्मिसार्टन–स्पायरोनोलॅक्टोनसारख्या पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या जोड्यांना अडवू नका, बाजूला पिवळी ओळ पुरे: 'पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं?'

थायरॉईड–कॅल्शियमचा अलर्ट तुम्हाला दाखवून उपयोग काय? तो पेशंटच्या चिठ्ठीवर मराठीत छापून येऊ दे: 'थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी.'

बाहेरची औषधं कोणीही नोंदवा, पण ती सॉफ्टवेअरच्या यादीतून निवडलेली हवीत. शेऱ्यात नुसतं नाव टाइप केलं तर बहुतेक सॉफ्टवेअर ते तपासत नाहीत. आणि ब्रँडमागचा घटक त्याला ओळखता येतो का ते एकदा बघाच. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. घटक ओळखला नाही तर अलर्ट कशाचा येणार?

प्रतिसाद (मेडिकल दुकान, नाशिकरोड)

आमच्या बाजूचं सांगतो. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच काउंटरवर येतात, पण एकाच दिवशी क्वचित. चिठ्ठीच्या वरच 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' एवढं छापलंत तर आम्ही पेनकिलर किंवा मेट्रोनिडॅझोल देताना हात आखडता घेऊन तुम्हाला फोन करू. स्ट्रिप कापताना नाव पेशंटकडे राहील असं कापायला पोरांना सांगतो, पण गर्दीत विसरतात, खोटं कशाला बोलू.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. चिठ्ठीवर वर छापायची ओळ आजच टाकून घेतली. प्रतवारीचं मात्र अडलंय: सॉफ्टवेअरवाला म्हणतो, अलर्ट एक तर सगळे चालू, नाही तर सगळे बंद. जोडीनिहाय बदलता येतील असं सॉफ्टवेअर छोट्या क्लिनिकमध्ये कोणी वापरतंय का? नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तरी चालेल. आणि जुना डेटा नव्यात नेताना पेशंटची चालू औषधं यादीतल्या नावांसकट आली, की नुसता मजकूर आला, तेही सांगा.