मदत हवी आहे : आतड्याचा कॅन्सर, किमो चालू आहे, बोलायला कुणी मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, वय ४८. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. आता ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि मग १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, असं तीन आठवड्यांचं चक्र चालू आहे. गार वस्तूला हात लावला की बोटांत झिणझिण्या येतात. फ्रीजमधली दुधाची पिशवीही लेक काढून देते. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्याचं एवढं नाही.

मनाचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही. पोटावर स्टोमाची पिशवी आहे (ऑपरेशनमध्ये पोटावर केलेल्या छिद्रातून शौच या पिशवीत जमा होते). चारचौघांत ती आवाज करेल, गळेल या धास्तीने हळदीकुंकवाला जाणंसुद्धा सोडलंय. घरचे खूप जीव लावतात, पण रडू आलं की "धीर धर, होईल सगळं नीट" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. (पपईच्या पानांचा रस सुचवणाऱ्या मावश्या वेगळ्याच!)

यातून गेलेलं कुणी इथे आहे का? विशेषतः बायका. नाशिक-पुण्याकडे रुग्णांचा एखादा गट, निदान व्हॉट्सॲपवरचा? अशी पिशवी असणाऱ्यांसाठीच्या मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाशी कुणी बोललंय का? काढे कृपया नकोत. मेसेज केलात तरी चालेल.