खोदकामात निघालेले गोल धोंडे नदीचे आहेत का?

टेकडीप्रेमी:
पुण्यात बावधनला आमच्या सोसायटीशेजारी पायाचं खोदकाम चालू आहे. दहा-बारा फुटांवर पिवळट मुरमात काळे गोल धोंडे दिसताहेत, काही हातात मावणारे, काही दोघांनाही न उचलवणारे. मुकादम म्हणतो, इथून पूर्वी नदी वाहायची, तिने घोटून गोल केले. मुलीला नववीच्या भूगोलात विदारण, म्हणजे खडक जागच्या जागी फुटणं-कुजणं, आहे. तिच्या मते उन्हाने तापून-निवून खडक सोलला गेला. कोण बरोबर?

खडकवाचक:
मुकादम नक्की नाही, मुलगी निम्मी. मी भूशास्त्र शिकवायचो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

हे धोंडे कुठूनही वाहत आलेले नाहीत, जागच्या जागी गोल झालेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरला. निवताना तो आक्रसला, भेगा पडल्या आणि खडकाचे ठोकळे झाले. पावसाचं पाणी या भेगांतून उतरतं. हवेतला, आणि त्याहून कितीतरी जास्त मातीतला, कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने ते किंचित आम्लधर्मी असतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला ते एकीकडून भिडतं, कडेला दोन्हीकडून, कोपऱ्याला तिन्हीकडून. म्हणून आधी कोपरे कुजतात, मग कडा, आणि आत गोळा उरतो.

लाव्हा निवून झालेला हा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. त्याच्यातल्या खनिजांपैकी ऑलिविन सगळ्यात आधी जातं, पाठोपाठ पायरॉक्सिन आणि कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार. फेल्डस्पारची चिकणमाती होते, लोह गंजतं; मुरमाचा पिवळा-तांबूस रंग त्या गंजाचाच. नवी खनिजं जास्त जागा मागतात, त्या ताणाने खडक कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो.

परवानगी काढून मुलीला घेऊन जा, फक्त खोदलेल्या उभ्या कापाच्या अगदी खाली उभे राहू नका. बाहेरचे पापुद्रे नखाने निघतील, बोटांत चुरगळतील. आतला गोळा हातोडीने फोडा: कडेला पातळ तपकिरी साल आणि आत निळसर काळा, ताजा दगड. शेजारशेजारच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा सरळ रेघ अजून ओळखू येते, ती मूळची भेग. नदीचे गोटे असते तर गुळगुळीत आणि वाळूत बसलेले असते.

आता ऊन. एप्रिलात वेताळ टेकडीवरच्या काळ्या कातळावर हात ठेववत नाही, रात्री तोच निवतो. उघड्या दगडाला हा ताण सोसावा लागतो. पण दहा फूट खाली दिवस-रात्रीचा फरक पोचतच नाही, तिथलं काम पाण्याचं. तरी भेगा नसत्या तर पाणी आत शिरलंच नसतं, आणि वरच्या भागात त्या रुंदावतात पिंपळ-उंबराच्या मुळांनी. पुस्तकात कायिक (नुसतं फुटणं) आणि रासायनिक (कुजणं) विदारण वेगवेगळ्या परिच्छेदांत असतं. जमिनीत एकाचं दुसऱ्यावाचून भागत नाही. हे मुलांना असा काप दाखवूनच शिकवायला हवं.

साइटवाला:
मुकादमाला एक जरूर सांगा. फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, अर्धं धोंड्यावर आणि अर्धं मुरमावर येऊ देऊ नका. खोदयंत्राच्या बकेटचा दात टणकन वाजला की पक्का खडक लागला असं समजतात, पण तो सुटा गोळा असू शकतो आणि खाली मऊ मुरूम. एक बाजू दबते, दुसरी दबत नाही, मग भिंतीला तिरकी भेग जाते. ब्रेकरने फोडून काढा किंवा आरपार बोअर घेऊन खाली काय आहे ते बघा.

टेकडीप्रेमी:
सांगते आजच. सर, मग टेकडीवर जेमतेम वीतभर माती आणि उरुळीकडच्या रानात खोल काळी, असं का? खडक तर तोच ना?

खडकवाचक:
खडक तोच. उतारावर सुटलेलं बारीक पावसाबरोबर खाली जातं आणि सखल भागात साठतं. तिथे निचरा कमी, त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम पूर्ण धुऊन जात नाही आणि माँटमोरिलोनाइट ही फुगणारी चिकणमाती बनते. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या तिच्यामुळे. महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र दीर्घ काळच्या पावसाने जवळजवळ सगळं धुऊन नेलं, मागे राहिलं मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम, तोच जांभा. मुलीला काळ्या मातीचं वाळकं ढेकूळ आणि जांभ्याचा तुकडा पाण्यात टाकायला सांगा. ढेकूळ फुगून विखरेल, जांभा तसाच राहील.