कोंबडीचा गुडघा उलटा असतो का? घरात वाद पेटलाय

रस्साप्रेमी_कऱ्हाड
रविवारी गावरान कोंबडी आणली. साफ करताना आठवीतली लेक शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, हिचा गुडघा मागे वळतोय." मी शहाणपणा केला आणि म्हणालो, पक्षी डायनासोरपासून आले, तिकडूनच आलं असेल. त्यावर तिचा पुढचा प्रश्न तयार: "म्हणजे टी-रेक्सचा गुडघापण उलटा होता?" इथे माझी गाडी रुतली. आणि कोंबडीच्या पायाला पुढे तीन बोटं, मागे एक, हेही तिकडचंच का? जाणकारांनी सांगावं. पोरगी रोज विचारतेय.

सांगाडेवाले_काका
लेकीला आधी सांगा, तो गुडघा नाहीच. घोटा आहे तो.

मी प्राध्यापक नाही बरं का. एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, 31 वर्षं. कोंबडी, कबूतर, ससा आणायचा, उकळायचा, मांस सोडवायचं, हाडं हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पांढरी करायची, तारेत ओवायची. शिकवायचे सर. पण एखादं हाड टेबलाखाली सापडलं की ते कुठलं, हे विचारायला सर माझ्याकडेच यायचे.

तर, दुकानदार मांडी आणि तंगडी जिथे वेगळी करतो तो सांधा म्हणजे गुडघा. तुमच्या-माझ्यासारखाच पुढे वाकतो, फक्त पिसांत पोटाला चिकटून लपलेला असतो. आणि तो पंजे तोडतो ते घोट्याच्या सांध्यात. त्याखालची पिवळी खवल्यांची दांडी हा तळपाय, जमिनीवरून उचललेला. कोंबडी जन्मभर चवड्यावर चालते. टी-रेक्सही तसाच चालायचा, त्याचाही गुडघा पुढेच वाकायचा.

आता पंजे फेकू नका. मंद आचेवर दोन-तीन तास उकळा आणि प्रत्येक बोटाची पेरं वेगळी ठेवा, नखातलं हाडही धरायचं. मागच्या बोटाला 2, पुढच्या आतल्याला 3, मधल्याला 4, बाहेरच्याला 5. बाहेरचं बोट मधल्यापेक्षा आखूड, तरी हाडं जास्त! पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला वाटलं आपणच ओवताना घोळ घातला. टी-रेक्सच्या पायातही हेच, 2-3-4-5. पाचव्या बोटाची त्याच्याकडे तळपायात नुसती एक काडी उरली होती. कोंबडीत तीही गेली.

त्या पिवळ्या दांडीतलं हाड उकळल्यावर खालच्या टोकाला बघा, तीन गाठी दिसतील. तीन हाडं जुळून एक झाल्याची खूण आहे ती. टी-रेक्समध्ये ती तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटून होती, पण सुटी.

आणि तंगडी खाताना दाताखाली सुईसारखं बारीक हाड येतं ना? आपल्या नडगीशेजारचं बारीक हाड घोट्यापर्यंत जातं, तेच हे. डायनासोरातही घोट्यापर्यंत जायचं, कोंबडीत अर्ध्यातच संपतं. चिली देशातल्या संशोधकांनी अंड्यातल्या पिल्लात एका जनुकाचं काम थोपवलं, तर हे हाड पुन्हा घोट्यापर्यंत वाढलं. 2016 साली छापून आलं ते.

शंकासुर
काका, पेरं जुळली म्हणून नातं कसं लागतं? सरड्याची मोजा, तीही जुळतील.

सांगाडेवाले_काका
जुळतातच. पहिल्या चार बोटांत सरड्यातही 2-3-4-5 येतं, मीच मोजलंय. म्हणून नुसत्या पेरांवर कुणी विसंबत नाही. हक्स्ली नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1868 मध्ये डायनासोर आणि पक्ष्यांचं नातं मांडलं, ते कंबर आणि पायाची हाडं एकत्र ठेवून. आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे दगडात सापडलेला फार जुना पक्षी, तेव्हा नुकताच हाती आला होता, जर्मनीत, 1861 मध्ये. त्याला पिसं आहेत आणि दातही, लांब हाडांची शेपटी आहे आणि पंखाला तीन नखं.

मागच्या बोटाचं राहिलंच. 2005 मध्ये आर्किऑप्टेरिक्सच्या एका चांगल्या टिकलेल्या नमुन्याचं वर्णन आलं, त्यात ते बोट कोंबडीसारखं पुरतं मागे वळलेलं नाही. मग वळतं कसं? पुन्हा चिलीवालेच. अंड्यातल्या पिल्लाचे स्नायू औषधाने लुळे केले, तर बोट वळलंच नाही. पिल्लू आत पाय झाडतं, त्या ओढीने हाडाला पीळ बसतो. मला ही गोष्ट फार आवडते. नोकरीत असतो तर दर वर्षी पोरांना सांगितली असती.

(कोंबड्याच्या पायामागचं शिंगासारखं टोक या हिशेबात धरू नका. ते बोट नाही.)

वैदेही_पुणे
शेपटी लावलेल्या कोंबड्यांचा प्रयोग ऐकलाय. खरा आहे का?

सांगाडेवाले_काका
खरा आहे, 2014 चा, आणि चिलीचाच. पिल्लांना लहानपणापासून मागे लाकडी काठीची शेपटी बांधली. मोठ्या डायनासोरांची शेपटी जड, तिच्यातून निघणारा जाडजूड स्नायू मांडीला मागे खेचायचा, म्हणजे पाय कमरेतून हलायचा. पक्ष्यांची शेपटी गेली, वजन पुढे आलं, म्हणून मांडी जवळजवळ आडवी धरून ते गुडघ्यातून चालतात. काठी बांधलेल्या कोंबड्यांची मांडी उभी झाली आणि चाल कमरेतून व्हायला लागली. इग्नोबेल मिळालं त्यांना, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. लोक हसले, पण काम नीटच होतं.

 

रस्साप्रेमी_कऱ्हाड
काका, काल दोन पंजे उकळले. लेकीने जुन्या वर्तमानपत्रावर मांडून मोजलं. डावा बरोबर, 2-3-4-5. उजव्यात बाहेरच्या बोटाची चारच निघाली. आता ती म्हणतेय, हा नवीन शोध.

सांगाडेवाले_काका
चाळणी बघा. नखाच्या आधीचं पेर लहान असतं, पाण्याबरोबर जातं. आमचीही कित्येक सिंकमध्ये गेलीत.

रस्साप्रेमी_कऱ्हाड
चाळणीत नव्हतं. नखाच्या टोपणात अडकून बसलं होतं. पाच झाली. आता ती विचारतेय, कबूतर कुठे मिळेल?